फाउंडेशन बसलंय

“क्लच निम्मा सोडा गुरुजी. पाय ब्रेकवरनं काढू नका,” मिस्त्री बॉनेटच्या कडेला उभे राहून सांगतात. गाडीसमोर ते कुणालाच थांबू देत नाहीत. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. क्लच पकड घेऊ लागतो तसं अख्खं इंजिन मागं कलतं, ‘ठक’ वाजतं आणि अडतं. रिव्हर्स टाकल्यावर तेच, पण पुढच्या बाजूला. मिस्त्री हातानंच ‘बंद करा’ म्हणून खुणावतात. “फाउंडेशन बसलंय. टायमिंगकडचं तर गेलंच.” फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर टांगलेलं असतं ते रबराचे आधार.

अहिल्यानगरात केडगावच्या बाजूला, पुणे रस्त्याला लागून असलेलं हे पत्र्याचं गॅरेज. डिसेंबरातली सकाळ. नेप्तीच्या कांदा मार्केटकडं निघालेल्या एका पिकअपच्या मागं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अडकलाय आणि त्याच्या धडधडीनं शेडचे पत्रे वाजताहेत. मी दाराजवळच्या बाकड्यावर बसून पाहतोय. गाडी आहे एक पांढरी, तीन सिलिंडरची छोटी हॅचबॅक, नंबर अर्थातच एमएच १६. गुरुजी पाथर्डी रस्त्याच्या एका शाळेवर रोज हिच्यातून जातात. तक्रार अशी की सिग्नलला उभं राहिलं की आरसा थरथरतो आणि मागच्या ट्रकचा नंबर वाचता येत नाही.

त्यांचा मुलगा पुण्याला डिप्लोमा करतो. त्यानं उपाय आधीच मागवून ठेवलाय. खोक्यातून तो पॉलियुरेथेनचे काळे कुळकुळीत तुकडे काढतो. दोन वरच्या फाउंडेशनच्या पोकळीत भरायचे, एक खालच्या टॉर्क रॉडचा बुश. पाकिटावर कडकपणा छापलाय, ९० शोअर ए. कंपनीचं मूळ रबर साधारण ५० ते ६० च्या घरात असतं. “इंजिन हलणारच नाही मामा,” तो म्हणतो. मिस्त्री तुकड्यावर अंगठ्याचं नख दाबतात. ओरखडासुद्धा उठत नाही. “इंजिन नाही हलणार,” ते म्हणतात, “पण मग हलणार कोण?”

प्रश्न रास्त आहे. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतं. तीन सिलिंडरांत मिळून दर दोन फेऱ्यांना तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला वीस. शिवाय तिन्ही पिस्टनांचे वरखालीचे झटके एकमेकांना मिटवत असले तरी पहिला आणि तिसरा दोन टोकांना असल्यानं इंजिन लांबीच्या दिशेनं डुलत राहतं. ही हालचाल गिळायला फाउंडेशन मऊ हवं. उलट क्लच सोडताना इंजिन उसळी घेतं, ते धरायला कडक हवं. दोन्ही कामं एकाच रबराकडून करून घ्यायची असतात. इंजिन रबरावर टांगण्याचं कौतुक पूर्वी एवढं होतं की क्रायस्लरनं १९३१ साली प्लिमथ गाडीत ते ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावानं विकलं. सित्रोएननं त्याचे हक्क घेतले आणि जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस काढला. आज शोरूममध्ये फाउंडेशनबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

गॅरेजातला पोरगा, बारक्या, इंजिनच्या ऑइल चेंबरखाली जॅक सरकवतो. “ठोकळा!” मिस्त्री ओरडतात. मध्ये लाकडाचा ठोकळा नसेल तर चेंबर चेपतो. ठोकळा बसतो, जॅक दोनच दांडे वर जातो, इंजिनचं वजन उचललं जातं. चौदाचा सॉकेट लागतो, गंजलेला बोल्ट कुरकुरतो आणि टायमिंगकडचं फाउंडेशन बाहेर येतं. मधला लोखंडी बुश एका बाजूला पार खाली आलाय, रबराला चीर पडलीय. पण मिस्त्री चिरेकडं बघतच नाहीत. ते रबर दाबतात, बोटं काळी होतात. रबर फुगून लिबलिबीत झालंय.

“हे रस्त्यानं नाही गेलं गुरुजी. तेलानं गेलं.”

बॅटरी लावून ते वर दाखवतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरतंय आणि तेलाचा ओघळ नेमका फाउंडेशनवर उतरतोय. साध्या रबराला इंजिनचं तेल चालत नाही. वर पॅकिंग तसंच ठेवून खाली कितीही भारी फाउंडेशन टाकलं तरी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हेच. मला हे निदान त्या खोक्यातल्या सगळ्या मालापेक्षा मोलाचं वाटतं. मुलगा मात्र हिरमुसतो.

मिस्त्री त्याला अगदीच तोंडघशी पाडत नाहीत. खटपट त्यांनाही ठाऊक; त्यांचा हात लुनावर बसलेला. १९७२ साली आलेली ती मोपेड इथल्याच दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकची.

तोडगा निघतो तो असा: पॅकिंग बदलायचं. वरची दोन्ही फाउंडेशनं रबराचीच, त्यातलं टायमिंगकडचं नवं. पॉलियुरेथेन फक्त टॉर्क रॉडला. वरच्या दोघांवर इंजिनचं वजन असतं, खालचा रॉड फक्त उसळी अडवतो. जुना बुश व्हाइसमध्ये दाबून काढला जातो, नवा ग्रीस माखून बसतो. “ग्रीस नसलं की कुईकुई करतो,” बारक्या मला ऐकवतो. बोल्ट आधी हातानंच धरवतात. मग जॅक सोडून, गाडी चालू करून इंजिनला एकदा स्वतःच्या जागेवर बसू देतात आणि तेव्हाच शेवटचं आवळतात. आधी आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं नि लवकर फाटतं.

चाचणीला चौघं निघतो. दुसरा गिअर लोण्यासारखा पडतो, ठक गायब. आरशातला नंबर वाचता येतो. एसी लावल्यावर मात्र सीटखाली बारीक गुणगुण येते, आधी नव्हती तशी.

“हे?” गुरुजी विचारतात.

“त्या काळ्या बुशाचं. एवढं राहणार. नको असंल तर रबराचा टाकून देतो.”

गुरुजी मुलाकडं पाहतात. “राहू दे.”

परतल्यावर हिशेब होतो. फाउंडेशन, पॅकिंग, मजुरी. पॅकिंगचा आकडा सगळ्यात लहान. गुरुजी पैसे मोजतात आणि उरलेल्या दोन तुकड्यांकडं बोट करतात. “हे परत घेतील का रे?”

“पाकीट फोडलंय ना, पप्पा.”

“मग इथंच ठेव,” मिस्त्री म्हणतात, “कुणीतरी हौशी येईलच.”