घुमटाचा साचा

हस्तव्यवसायाच्या तासाला मुले किल्ले, मंदिरे व प्रसिद्ध इमारती यांच्या लहान प्रतिकृती करतात. तट, भिंती, पायऱ्या ही सरळ कामे पुठ्ठ्यावर भागतात. अडते ते गोलाईपाशी. ताजमहालाची प्रतिकृती करावयाची तर मुख्य घुमटाभोवती चार छत्र्या व चार मिनारांवर आणखी चार, असे आठ चिमुकले घुमट लागतात. हातांनी वळलेले आठ घुमट आठ तऱ्हांचे होतात आणि सारी इमारत बेढब दिसते. अशा वेळी साचा हवा. गोल वस्तूचा साचा करण्यात मात्र एक मेख आहे. ती ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ ठिकाणी हा उपक्रम पहिल्याच दिवशी सोडून दिला जातो.

विजापूरच्या गोलघुमटाचा घुमट अर्धगोलाचा आहे. तो बुडाशी सर्वांत रुंद असून वर निमुळता होत जातो. असा नमुना फळीवर पालथा ठेवून त्यावर प्लास्टर ओतले, तर घट्ट झालेला साचा टोपीसारखा सरळ वर उचलला जातो. ताजमहालाचा घुमट तसा नाही. त्याची मान बारीक व पोट मोठे. छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबऱ्याचा घुमटही याच वळणाचा. त्यावर प्लास्टर ओतले की ते मानेभोवती जाऊन बसते. मग नमुना तरी मोडावा लागतो, नाहीतर साचा तरी.

उपाय घरोघरी आहे. मोदकाचा साचा उभा उघडतो, आडवा नव्हे. घुमटाचा साचाही तसाच शिखरापासून बुडापर्यंत उभा दुभागावयाचा. मग प्रत्येक अर्ध्या भागात मागे वळून अडकणारे काही उरत नाही. एखादा भाग सुटेल की नाही हे आधीच ताडता येते. साचा ज्या दिशेने उचलावयाचा, त्या दिशेने एक डोळा मिटून नमुन्याकडे पाहावे. जो पृष्ठभाग दिसत नाही, तेथे साचा अडकणार. ही परीक्षा मुलांकडून बुरूज, कळस, पेला, भोवरा अशा अनेक वस्तूंवर करवून घ्यावी. साचा न करताही हा तास वाया जात नाही.

नमुना खराद्याकडून लाकडाचा करून घ्यावा, किंवा शाडूचा करून पूर्ण वाळल्यावर काचकागदाने घासून त्यावर लाखेचे रोगण द्यावे. त्याच्या सपाट बुडावर मध्यातून जाणारा व्यास आखावा व त्याची दोन्ही टोके बाजूंवरून शिखरापर्यंत न्यावीत. या रेषेपर्यंत नमुना आडवा करून मऊ शाडूच्या गादीत निम्मा रुतवावा. गादी एका बाजूने जरी रेषेच्या खाली राहिली, तरी प्लास्टर पोटाखाली शिरते व नमुना धरून ठेवते. सगळे यश या एका रेषेवर आहे, म्हणून येथे घाई करू नये. भोवती पुठ्ठ्याची चौकट लावावी. बूड चौकटीला टेकलेले असावे, म्हणजे साच्याला तेथे तोंड राहते. रोगण दिलेल्या नमुन्यालाही साबणाचे पाणी लावून घ्यावे.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला तापविल्यावर जिप्सममधील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. पाणी परत मिळाले की त्याचा पुन्हा दगड होतो. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये, नाहीतर गुठळ्या होतात. पाण्याच्या सुमारे दीडपट वजनाचे प्लास्टर पुरते. एक-दोन मिनिटे भिजू देऊन हळूहळू ढवळावे व चौकटीच्या एका कोपऱ्यातून ओतावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. अर्ध्या तासाने चौकट उलटी करून शाडूची गादी काढावी. नमुना मात्र हलवू नये. उघड्या झालेल्या प्लास्टरच्या काठात चमच्याच्या टोकाने दोन-तीन गोल खळगे करावेत. दुसरा भाग त्यांत बसून जागेवर राहतो. मग या सपाटीवर साबणाचे पाणी तीनदा लावून पुसावे आणि दुसरा भाग ओतावा. साबण विसरला, तर दोन्ही भागांचा एकच धोंडा होतो.

प्लास्टर घट्ट होताना तापते. मोठा गोळा साठ अंशांपर्यंतही तापू शकतो. 2007 साली इंग्लंडमधील एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत बुडविले. ते तसेच घट्ट झाले, आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. मुलांना हाताचा ठसा घेण्याची हौस फार असते. म्हणून ही हकीकत त्यांना अगोदर सांगावी व हात, पाय किंवा चेहरा प्लास्टरमध्ये कधीही घालू देऊ नये. ढवळण्यास काठी वापरावी. कोरडी पूड उडून नाकातोंडात जाऊ नये म्हणून ती शिक्षकांनीच नाकावर रुमाल बांधून मोजून द्यावी.

तयार साचा चांगला आठवडाभर हवेशीर जागी वाळवावा. चुलीजवळ ठेवल्यास तो भुसभुशीत होतो. वाळलेले प्लास्टर ओल्या मातीतील पाणी शोषून घेते, माती किंचित आकसते व आपोआप सुटते. म्हणून शाडू भरताना तेल लावण्याची गरज नाही. दोन्ही भागांत शाडू थोडा जास्त दाबून, सांध्यावर पातळ माती लावून भाग एकमेकांवर बसवावेत व सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधावेत. उघडल्यावर दिसणारी सांध्याची रेघ बोथट सुरीने खरवडावी. वाळताना शाडू आणखी आकसतो. किती, हे पाहण्यासाठी त्याच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढून वाळल्यावर मोजावी व नमुना त्या मानाने मोठा करावा. गणिताच्या तासाला हे उदाहरण आयतेच मिळते.

उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते व नळी बुजते. ते कालविण्यासाठी अर्धा कापलेला रबरी चेंडू फार सोयीचा. चेंडू दाबला की वाळलेले तुकडे आपण होऊन गळून पडतात. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबरी साचे वापरतात, तेही रबराच्या याच गुणामुळे. ते वाकते, म्हणून आत वळलेला भागही त्यातून निसटतो.