बायबलचे वाचन आणि आस्वाद

काव्याचा आस्वाद, नाटकाचा आस्वाद असे कोणी म्हटले तर त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण बायबलच्या आस्वादाची भाषा काढली, की आम्हां ख्रिस्ती लोकांपैकीच काहींच्या कपाळाला आठी पडते. धर्मग्रंथ आचरणासाठी असतो, रस घेण्यासाठी नसतो, असे त्यांचे म्हणणे. आचरण हवेच, त्याविषयी वाद नाही. परंतु ज्या ग्रंथात मन रमत नाही त्याचे आचरणही फार दिवस टिकत नाही, असे आम्हांस वाटते. या मालेच्या श्रोतृवर्गात सर्व धर्मांची माणसे आहेत. आम्ही ख्रिस्ती वाचक म्हणून बोलत आहोत. पण हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंताला कधी ना कधी पडतोच.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संपूर्ण बायबल वाचून काढण्याचा संकल्प होतो. अब्राहाम, याकोब, योसेफ यांच्या कथा वाचताना पाने भराभर उलटतात. इस्राएल लोक समुद्र ओलांडून जाईपर्यंत उत्साह टिकतो. पुढे निवासमंडपाची मापे येतात, मग लेवीय पुस्तकातील यज्ञांचे विधी येतात, आणि तेथे गाडे अडते. मग वाचन उरते ते रोजच्या एका वचनापुरते. औषधाच्या पुडीप्रमाणे ते सकाळी घ्यायचे आणि कामाला लागायचे! यात श्रद्धा उणी असते असे नाही. हातात काय आहे, हेच त्या वाचकाला कोणी सांगितलेले नसते.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थच 'पुस्तके' असा बहुवचनी आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या ७३. जुना करार मुख्यतः इब्री भाषेत व थोडा अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यात इतिहास आहे, कायदा आहे, गीते, म्हणी, संदेष्ट्यांची भाषणे आणि पत्रेही आहेत. कायदा कायद्यासारखा वाचावा, गीत गीतासारखे वाचावे आणि पत्र पत्रासारखे एका बैठकीत वाचावे. पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या एका अध्यायाचे आहे. ओनेसिम नावाच्या दासाला धन्याकडे परत पाठवताना, आता याला भाऊ म्हणून घरात घे, अशी गळ पौल त्यात घालतो. त्यातले एकच वचन उचलले तर ही आर्जवाची सारी लकब हरवते.

वचनांचे आकडे मुळात नव्हतेच. आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातील आहे, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक दिले ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली. सोय मोठी झाली. पण हे आकडे मैलाच्या दगडांसारखे आहेत. त्यांवरून वाट किती चाललो ते कळते. दगडाशेजारी कोणी बिऱ्हाड करीत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण वधस्तंभावरचे आहे. देवाने आपणास का सोडले, असा आक्रोश येशूने केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या प्रारंभीचे आहेत, हे थोड्यांना ठाऊक असते. ते सारे स्तोत्र वाचावे. त्यात उपहास आहे, तहान आहे, वस्त्रांची वाटणी आहे. आणि शेवटी दीनांना पोटभर अन्न मिळते, पृथ्वीच्या सीमांपर्यंतचे लोक देवाकडे वळतात. शेवट ठाऊक झाला म्हणून आरंभीची वेदना खोटी ठरत नाही. पण मरणाच्या वेळी आपल्या प्रभूच्या ओठांवर लहानपणापासून ओळखीचे गीत आले, हे कळल्यावर ते स्तोत्र आम्ही पुन्हा पूर्वीसारखे वाचू शकत नाही.

इब्री काव्य यमकावर उभे नाही. पहिल्या चरणातील विचार दुसरा चरण पुन्हा उचलतो, उलटवतो किंवा एक पायरी पुढे नेतो. नाद भाषांतरात हरवतो, पण विचारांची ही जोडी हरवत नाही. ओवी-अभंगांवर वाढलेल्या मराठी कानाला ती पकडणे जड जाऊ नये. मात्र स्तोत्र मोठ्याने वाचले पाहिजे.

कथांचेही तसेच. योनाचे पुस्तक चार लहान अध्यायांचे. माशाच्या पोटात माणूस तीन दिवस जगेल काय, या वादात कथेचा जीवच जातो. शत्रूच्या निनवे नगरीला जा, अशी देवाची आज्ञा. हा संदेष्टा नेमका उलट दिशेच्या तार्शीशचे जहाज पकडतो. वादळात परधर्मी खलाशी प्रार्थना करतात आणि देवाचा माणूस तळाशी झोपलेला! पुढे निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, गुराढोरांनाही गोणपाट नेसवतात; देव क्षमा करतो आणि योना रुसतो. तू दयाळू आहेस हे ठाऊक होते म्हणूनच मी पळालो, असे तो म्हणतो. सावली देणारे एक रोपटे सुकले म्हणून तो हळहळतो, तेव्हा देव विचारतो, एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि इतक्या गुरांची मला कीव येऊ नये काय? पुस्तक तेथेच संपते. योनाचे उत्तर दिलेले नाही, कारण ते वाचकाने द्यायचे आहे. हसत हसत वाचणारा येथे एकदम गंभीर होतो.

सर्वच पाने सुखाची नाहीत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. एकशे सदतिसाव्याच्या शेवटी भयंकर सूडाची इच्छा आहे. ती पाने गाळू नयेत, त्यांना साखरही लावू नये. शत्रूवर प्रीती करा असे सांगणाऱ्या ख्रिस्ताच्या शेजारी ती ठेवून वाचावीत; आपल्याही मनात तो सूड दडला आहे काय, हे तेव्हा कळते.

हा रस केवळ पंडितांचा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले ते साध्या स्त्रियांना समजावे म्हणून. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने सोपी भाषा निवडली, यातच बायबल कोणासाठी आहे याचे उत्तर आले.

म्हणून आमची विनंती एवढीच. एखाद्या संध्याकाळी मार्काचे शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचावे. घरात एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांना शास्त्राचा उलगडा झाला तेव्हा आधी त्यांची अंतःकरणे तापली, आणि मग तेच पाय रात्रीच यरुशलेमेकडे वळले. आस्वाद आणि आचरण यांचा क्रम तेथे असा आहे.