सह्याद्रीच्या कातळाचे कूळ

माणसाचे कूळ शोधायचे तर गाव विचारावे, आडनाव विचारावे. पण दगडाला काय विचारणार? सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून उसळून थिजलेला लाव्हा. तो पृथ्वीच्या पोटातल्या कोणत्या भट्टीतून आला?

भूकवचाखालच्या थराला प्रावरण म्हणतात. त्यातून तप्त खडकाचे स्तंभ फार खोलवरून वर चढतात, असे जेसन मॉर्गन यांनी १९७१ साली मांडले. स्तंभ जवळजवळ जागचा हलत नाही. वरची भूमी मात्र सरकते. या हिशेबाने आपली भट्टी आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे आणि लक्षद्वीप-मालदीवची रांग ही वाटेवरची खूण.

नकाशा झाला, आता रक्ताची परीक्षा. ती होते समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून. रुबिडियमपासून सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ बनते. स्ट्रॉन्शियम-८६ आहे तेवढेच राहते. खडक वितळला तरी या दोहोंचे प्रमाण लाव्ह्यात जसेच्या तसे उतरते. जुन्या भूखंडाच्या कवचात हे प्रमाण चढलेले असते. लोणावळा गटातील ‘बुशे’ थरांत ते ०.७१३ च्या वर जाते; वर येताना या लाव्ह्याने वाटेतले कवच पचवले. महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी थरांत ते ०.७०४ च्या आसपास, म्हणजे भेसळ नाममात्र. साक्ष काढायची ती अशाच दगडाची!

रियुनियनचा आकडाही जवळपास हाच. पण तेवढ्याने नाते ठरत नाही. समुद्रतळाच्या खडकांचे आकडेही फार दूर नसतात. म्हणून दुसरा साक्षीदार, हेलियम-३. हा पृथ्वी घडताना आत कोंडलेला वायू. हेलियम-४ च्या तुलनेत त्याचे प्रमाण जास्त भरले, तर उगम खोल समजतात. १९९३ साली आशिष बसू व सहकाऱ्यांना राजस्थानातील मुंडवारा येथील स्फटिकांत ते हवेतल्या प्रमाणाच्या सुमारे १४ पट आढळले. रियुनियनला ते १२-१३ पट! या खडकांना त्यांनी दख्खनच्या उद्रेकाची नांदी मानले.

मात्र २०१७ सालच्या कालमापनात मुंडवाऱ्याचे काही खडक दख्खनहून कोट्यवधी वर्षे जुने निघाले. नातेवाईक म्हणून बोलावलेला साक्षीदार शेजारी तर नव्हे ना, हा वाद भूशास्त्रज्ञांत अजून रंगतो आहे.