पेलेट ग्रिलचा हिवाळा : शत्रू थंडी नव्हे, ओल

ओरेगन राज्यातल्या माउंट एंजल गावी जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात लाकडी पेलेटवर चालणारे ग्रिल तयार केले. आज ते उत्तर अमेरिकेत असंख्य घरांच्या मागच्या अंगणात दिसते, मिशिगन-ओंटारिओतल्या मराठी घरांतही. हिवाळ्यात बंद ठेवलेले ग्रिल एप्रिलमध्ये सुरू झाले नाही, की दोष थंडीला दिला जातो. बहुतेक वेळा बिघाड ओलाव्याने झालेला असतो, आणि तो टाळता येतो.

गैरसमज : हॉपरमध्ये, म्हणजे पेलेटच्या पेटीत, पेलेट राहिले तरी चालते.
वस्तुस्थिती : पेलेट म्हणजे प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला लाकडाचा भुसा. लाकडातले लिग्निनच तो धरून ठेवते. दमट हवेत पेलेट सादळतात, फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुसा होतो. हॉपरमधून पेलेट पुढे ढकलणाऱ्या ऑगरच्या नळीत हा भुसा अडकून वाळला, तर दगडासारखा घट्ट बसतो आणि मोटरला ऑगर फिरवता येत नाही. म्हणून आधी हॉपर रिकामा करा, मग नळीतले उरलेले पेलेट जळून संपेपर्यंत ग्रिल चालू ठेवा. पेलेट चांगला असेल तर मोडताना कट्‌कन तुटतो. बोटांत चुरा झाला, तर तो वापरू नका. फुगलेला पेलेट उन्हात वाळवूनही पूर्ववत होत नाही.

गैरसमज : न उघडलेली पिशवी गॅरेजमध्ये सुरक्षित असते.
वस्तुस्थिती : अनेक पिशव्यांना बारीक छिद्रे असतात, आणि काँक्रीटच्या जमिनीतून ओल चढते. पेलेट घट्ट झाकणाच्या बादलीत भरून जमिनीपासून वर ठेवा.

गैरसमज : राख कोरडीच असते, ती वसंतात काढू.
वस्तुस्थिती : राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ती हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओली राख धातूला खाते. पेलेट जळतात तो फायरपॉट आणि त्याखालचा तळ हिवाळ्याआधीच स्वच्छ करा. मात्र राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहू शकतो. ग्रिल किमान एक दिवस थंड होऊ द्या, मगच राख काढा आणि झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. गरम राखेवर व्हॅक्यूम लावल्यास आग लागू शकते.

गैरसमज : चरबीचा थर राहिला तर गंज लागत नाही.
वस्तुस्थिती : स्वच्छ जाळीवर तेलाचा हात फिरवून ते तापवून मुरवले, तर त्या पातळ थराने संरक्षण मिळते. ठिबकणारी चरबी गोळा करणाऱ्या ट्रेमध्ये आणि बादलीत साचलेला थर मात्र खवट होतो, त्याच्या वासाने उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. शिवाय वसंतात ग्रिल पहिल्यांदा तापवतानाच ही चरबी पेट घेऊ शकते.

गैरसमज : प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला की काम झाले.
वस्तुस्थिती : त्यामुळे ओलावा आतच कोंडतो. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने धातूवर पाणी जमते आणि पेलेट पेटवणाऱ्या इग्निटरपर्यंत व तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत पोचते. ग्रिल पूर्ण थंड झाल्यावर मापाचे, हवा खेळती ठेवणारे कव्हर घाला. कोरडी शेड किंवा गॅरेज असेल तर उत्तमच. प्लग मात्र काढून ठेवा.

गैरसमज : गॅरेजचे दार उघडे ठेवून आत ग्रिल पेटवता येते.
वस्तुस्थिती : कधीही नाही. जळत्या लाकडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो. गॅरेज ग्रिल ठेवण्यासाठी आहे, पेटवण्यासाठी नाही.

गैरसमज : हिवाळ्यात हे ग्रिल चालतच नाही.
वस्तुस्थिती : चालते. फक्त पेलेट जास्त लागतात आणि तापायला वेळ लागतो. उत्पादकाने दिलेले उष्णतारोधक आवरण वापरा, पण चिमणी झाकू नका.

वसंतात जेवण बनवण्याआधी चिमणीत घरटे नाही ना, वायरी शाबूत आहेत ना, हे पाहा. ताजे पेलेट घाला आणि अर्धा तास ग्रिल रिकामेच तापवा. हिवाळ्याआधी साफसफाईला दिलेली एक दुपार नव्या ऑगर-मोटरचा खर्च वाचवते. पहिला बर्फ पडण्याआधी ती दुपार नक्की काढा.