उसावरील केवडा व खताची घाई

पाटाखालच्या काळ्या जमिनींत उसाच्या खोडव्याला फूट आली म्हणजे शेताच्या मध्येंच एखादा पट्टा फिकट पिंवळा दिसूं लागतो. यालाच आपण केवडा पडला असें म्हणतों. नांव सुंदर आहे. दुखणें तसें नाहीं. पीक पिंवळें दिसलें कीं बागाईतदाराचा हात प्रथम युरियाच्या गोणीकडे जातो. पीक भुकेलें आहे, सबब त्यास नत्र द्यावें, हा तर्क अगदींच चुकीचा नव्हे. परंतु तो पान पाहिल्यावांचून केलेला असतो.

पान कोणतें पिंवळें झालें हें आधीं पाहावें. नत्र हें झाडांत फिरणारें द्रव्य आहे. त्याची टंचाई पडली कीं झाड तें जुन्या पानांतून काढून कोंवळ्या पानांस पुरवितें. म्हणून पिंवळेपणा खालच्या पानांवर प्रथम येतो. लोह मात्र एकदां जेथें बसलें तेथून सहसा हलत नाहीं. तें न मिळाल्यास जुनीं पानें हिरवीं राहतात आणि शेंड्याचें नवें पान पिंवळें निघतें. त्यावर शिरा हिरव्या व मधली जागा पिंवळी अशा लांब रेघा उमटतात, आणि दुखणें वाढल्यास सबंध पान पांढरट होतें. गंधकाच्या उणिवेंतहि नवें पानच पिंवळें होतें, पण शिरांसकट. खत अधिक झाल्याचें चिन्ह निराळें: पानांचीं टोंकें व कडा भाजल्यासारख्या करपतात, कारण मुळांभोंवतीं क्षार दाटल्यानें जमिनींत ओल असूनहि मुळांस पाणी ओढवत नाहीं.

केवडा बहुधा लोहाचा असतो, आणि नवल असें कीं त्या जमिनींत लोह भरपूर असतें. चुनखडीमुळें जमिनीचा सामू आठाच्या वर गेला म्हणजे तें न विरघळणाऱ्या रूपांत अडकून पडतें. पाणी तुंबलें तर दुखणें बळावतें. अशा शेतांत युरियाची दुसरी-तिसरी मात्रा देऊन पान हिरवें होत नाहीं. ४५ किलोच्या गोणींत सुमारें २१ किलो नत्र असतें. त्यांतील कांहीं हवेंत उडतें, कांहीं पाण्याबरोबर विहिरींत उतरतें, आणि पिकास जें जास्त मिळतें त्यानें ऊस लोळतो, उशिरां पिकतो व साखरेचा उतारा घटतो. पैसे देऊन नुकसान विकत घेणें तें हेंच.

परीक्षा अगदीं स्वस्त आहे. इ. स. १८४३ च्या सुमारास फ्रान्समधील युझेब ग्री यानें पिंवळ्या पानांस लोहक्षाराचें पाणी लावून तीं हिरवीं होतात हें दाखविलें. आपणहि लिटरभर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस विरघळवून चार-सहा पानांच्या अर्ध्या भागास तें बोळ्यानें लावावें. आठवड्याभरांत तेवढाच भाग हिरवा झाला तर उणीव लोहाची. न झाल्यास नत्र, गंधक किंवा मुळें तपासावीं. हिराकस हिरवट खड्यांचा असावा. तांबूस पडलेला जुना माल निरुपयोगी, दुकानदार कांहीं म्हणो.

नुसता हिराकस जमिनींत टाकल्यास तोहि चुनखडींत अडकतो. म्हणून हेक्टरीं २५ किलो हिराकस दहापट शेणखतांत कांहीं दिवस मुरवून द्यावा, व पाणी तुंबत असल्यास आधीं चर काढावा. उभ्या पिकावर वरच्याच प्रमाणाचें ताजें पाणी ऊन उतरल्यावर फवारावें. फवारलेलें लोह त्याच पानांच्या उपयोगी पडतें; पुढचें पान पुनः पिंवळें आल्यास आठ-दहा दिवसांनीं फवारणी पुनः करावी लागते.