मांजर, मशीन आणि महानायक

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने १९९५ साली मांजराला व्यायाम घडवण्याच्या एका पद्धतीला पेटंट दिलं. पद्धत अशी : लेझरचा ठिपका जमिनीवर पाडायचा, तो इकडेतिकडे नाचवायचा, मांजर त्याच्यामागे धावतं. संपली पद्धत. दहा वर्षांनी, २००५मध्ये, हॉलिवूडचे पटकथाकार ब्लेक स्नायडर यांचं ‘सेव्ह द कॅट!’ हे पुस्तक आलं. त्यातला सल्ला असा, की नायकाने सुरुवातीलाच एखादं मांजर वाचवावं, म्हणजे काहीतरी भलं काम करावं. मग प्रेक्षक त्याचा होतो आणि पुढे त्याला बरंच काही माफ करतो.

या दोन्ही मांजरांची जातकुळी एकच. कुणालाही सुचेल अशी गोष्ट, पण मांडणी अशी की जणू गुरुत्वाकर्षणाचा नियमच सापडला आहे. वेडगळ शोध आणि साचेबंद सिनेमा यांच्यावर हसू आणणारी गोष्ट हीच : त्यांचं कमालीचं गांभीर्य. गेली शंभर वर्षं या गांभीर्याची टर उडवणारी एक उत्तम परंपरा आहे, आणि तिचे मानकरी बहुतेक वेळा त्या-त्या धंद्यातलेच जाणकार निघतात.

इंजिनिअरने केलेली थट्टा

पहिला मान रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) यांचा. बर्कलीला इंजिनिअरिंग शिकून हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात लागले. काही महिन्यांतच ती नोकरी सोडून ते वर्तमानपत्रात चित्रं काढू लागले. त्यांचे प्रोफेसर ल्युसिफर गॉर्गोन्झोला बट्स दर वेळी सोप्या कामासाठी महाकाय यंत्र शोधून काढत. १९३१मधला आपोआप तोंड पुसणारा रुमाल पाहा. सूपचा चमचा उचलला की दोरी ओढली जाते, पळीतून बिस्किट उडतं, ते पकडायला पोपट झेपावतो, त्याची दांडी कलंडते, दाणे डब्यात पडतात, डब्याच्या वजनाने लायटर पेटतो, लायटरने अग्निबाण सुटतो, बाणाला बांधलेला विळा दोरी कापतो आणि लंबकाला अडकवलेला रुमाल हनुवटी पुसू लागतो. यातला प्रत्येक सांधा तर्काला धरून आहे. वेडेपणा आहे तो एकूण बेरजेत. नळाच्या जाळ्याचे आराखडे हाताळलेल्या माणसालाच हे जमावं. त्याच साली त्यांचं नाव विशेषण म्हणून मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात गेलं.

हॉलिवूडने हे यंत्र लगेच आपलंसं केलं. खरं तर बस्टर कीटनने १९२२च्या ‘द इलेक्ट्रिक हाउस’मध्येच सरकते जिने आणि ताटं घेऊन येणारी आगगाडी घरात बसवून ठेवली होती. पुढे चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये (१९३६) कामगाराला जेवू घालणारं यंत्र आलं. जेवणाच्या सुट्टीतली मिनिटं वाचावीत, हा मालकाचा उदात्त हेतू. मक्याचं कणीस सुसाट फिरू लागतं, सूप अंगावर सांडतं, नटबोल्ट तोंडात जातात. मात्र तोंड पुसणारा बोळा मधूनमधून इमानेइतबारे आपलं काम करत राहतो. शेवटी मालक हे यंत्र नाकारतो, कारण ते व्यवहारात बसत नाही. माणसाला त्रास झाला ही तक्रार त्याच्या मनातही येत नाही. थट्टेला धार चढते ती इथे.

बिनकामाचं शास्त्र

जपानच्या केन्जी कावाकामी यांनी या वेडाला ‘चिंदोगु’ नाव दिलं आणि दहा नियमही घालून दिले. वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण प्रत्यक्ष वापराच्या कामाची नको. ती विकायची नाही, तिचं पेटंट घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मार्मिक नियम : ती केवळ हसवण्यासाठी बनवलेली नसावी. म्हणजे अडचण खरी हवी, उपायही खरा हवा. फक्त उपायाने अडचण वाढायला हवी. मांजराच्या पायात घालायचे धूळ पुसणारे मोजे, सर्दी झालेल्याच्या डोक्यावर टॉयलेट पेपरची गुंडाळी, गरम शेवया थंड करायला चॉपस्टिकला लावलेला पंखा. १९९५च्या त्यांच्या ‘१०१ अनयूसलेस जॅपनीज इन्व्हेन्शन्स’ या पुस्तकात स्वतःचाच फोटो काढण्यासाठी कॅमेऱ्याला जोडलेली एक लांब काठीही आहे. २०१४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने उत्तम शोधांच्या यादीत सेल्फी स्टिकला जागा दिली! विनोद तोच राहिला, जग त्याच्यामागून चालत आलं.

आपण विनोद करतो आहोत हे ठाऊक असणं आणि नसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गॅरी डाल या कॅलिफोर्नियातल्या जाहिरातवाल्याने १९७५मध्ये ‘पेट रॉक’ बाजारात आणला : साधा गोटा, हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात, गवताच्या गादीवर. सोबत पाळायची पुस्तिका. ‘बस’ आणि ‘थांब’ या आज्ञा दगड चटकन शिकतो, असा तिचा दिलासा. किंमत ३.९५ डॉलर. दहा लाखांहून अधिक दगड खपले. डाल स्वतः हसत होते आणि गिऱ्हाईकही हसत हसत पैसे मोजत होतं.

आता याच्या शेजारी ‘ज्युसेरो’ ठेवा. २०१६मध्ये ६९९ डॉलरला आलेलं, वाय-फाय जोडलेलं रसाचं यंत्र. चिरलेल्या फळं-भाज्यांच्या तयार पिशव्या त्यात घालायच्या, यंत्र त्या दाबणार. गुंतवणूकदारांनी सुमारे १२ कोटी डॉलर ओतले. एप्रिल २०१७मध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या पत्रकारांनी तीच पिशवी हाताने पिळून दाखवली, रस जवळजवळ तेवढाच निघाला. सप्टेंबरात कंपनी बंद. गोल्डबर्गच्या यंत्रात निदान पोपट तरी होता.

गांभीर्याचा सरकारी नमुना ऑस्ट्रेलियातला. तिथे तेव्हा तपासणीशिवाय मिळणाऱ्या पेटंटची सोय किती पोकळ होती, हे दाखवायला मेलबर्नचे वकील जॉन केओ यांनी २००१मध्ये भारदस्त भाषेत चाकाचंच पेटंट मागितलं. ते मिळालंही. त्या वर्षीचं ‘इग नोबेल’ हे गमतीचं पारितोषिक त्यांना आणि पेटंट कार्यालयाला विभागून देण्यात आलं.

पान बारा, पान पंचाहत्तर

आता सिनेमा. स्नायडर यांच्या पुस्तकात मांजर वाचवण्यापुरताच सल्ला नाही. ११० पानांच्या पटकथेचे पंधरा टप्पे त्यात पानांच्या आकड्यांसह दिले आहेत. पाचव्या पानावर कुणीतरी कथेचं सार बोलून जातं, बाराव्यावर ठिणगी पडते, पंचाहत्तराव्यावर सगळं संपल्यासारखं वाटतं. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, तेव्हा घड्याळ लावून नायकाचं दुःख मोजता येतं. स्नायडर सहलेखक असलेल्या ‘स्टॉप! ऑर माय मॉम विल शूट’ (१९९२) या स्टॅलोनपटाला सर्वांत वाईट पटकथेचा ‘रॅझी’ मिळाला होता, हेही नोंदवायला हवं.

साचा एकदा चालला की त्याच्या प्रती निघतात. १९८८च्या ‘डाय हार्ड’मध्ये एकटा पोलीस उंच इमारतीत दहशत घालणाऱ्यांना पुरून उरला. मग तीच गोष्ट युद्धनौकेवर (‘अंडर सीज’, १९९२), बसमध्ये (‘स्पीड’, १९९४), आइस हॉकीच्या मैदानात (‘सडन डेथ’, १९९५) आणि राष्ट्राध्यक्षांच्या विमानात (‘एअर फोर्स वन’, १९९७) घडली. १९९७मध्ये ज्वालामुखीचे दोन सिनेमे आले. १९९८च्या मे महिन्यात ‘डीप इम्पॅक्ट’मधून आणि जुलैत ‘आर्मगेडन’मधून पृथ्वीवर अवकाशातून संकट चालून आलं. ‘आर्मगेडन’मध्ये अंतराळवीरांना खोदकाम शिकवण्याऐवजी तेलविहिरी खोदणाऱ्यांना अंतराळवीर बनवतात. हे जास्त सोपं कसं, असं आपण दिग्दर्शक मायकल बे यांना विचारलं आणि त्यांनी गप्प बसायला सांगितलं, हा किस्सा नायकांपैकी एक असलेल्या बेन ॲफ्लेकनेच डीव्हीडीवरच्या समालोचनात सांगितला आहे.

या साच्यांची खानेसुमारी केली समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी. पाठलाग सुरू झाला की फळांची गाडी उधळणारच. हातात पिस्तूल असलेला खलनायक गोळी झाडण्याऐवजी भाषण करणार, तेवढ्यात नायक सुटणार. असे नियम वाचकांच्या मदतीने गोळा करून त्यांनी त्यांचा कोशच छापला. मुंबईत रीगल, इरॉस, स्टर्लिंगला इंग्रजी सिनेमे बघत वाढलेल्या प्रेक्षकाला तो वाचताना पानोपानी ओळखीची माणसं भेटतील.

पडद्यावरची थट्टा

पडद्यावरच्या विडंबनात मेल ब्रुक्स यांचा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) आजही वरच्या पायरीवर आहे. १९३१च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी बनवलेली प्रयोगशाळेची यंत्रंच ब्रुक्स यांनी या सिनेमासाठी मिळवली. वेडगळ यंत्र आणि ठोकळेबाज सिनेमा, दोघांची थट्टा एकाच चौकटीत.

त्याच्या बरोबरीचा ‘एअरप्लेन!’ (१९८०). झुकर बंधू आणि जिम एब्रहम्स यांनी १९५७च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले. विषबाधा करणारे मासे तेच, नायकाचं आडनाव तेच, शीर्षकातलं उद्गारचिन्हही तेच. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक यांच्यासारखे गंभीर भूमिकांतले नट घेतले आणि त्यांना अजिबात न हसता काम करायला लावलं. ‘लास्ट ॲक्शन हीरो’त (१९९३) तर एक पोरगा श्वार्झनेगरच्या पात्राला पटवू पाहतो, की तू सिनेमात आहेस, पुरावा काय, तर इथले सगळे फोन नंबर ५५५नेच सुरू होतात. बिचारा सिनेमा ‘जुरासिक पार्क’नंतर आठवड्याभरात लागला आणि झाकोळला गेला.

यानंतरची घसरण लक्षात घेण्यासारखी आहे. ‘डेट मूव्ही’ (२००६), ‘एपिक मूव्ही’ (२००७), ‘डिझास्टर मूव्ही’ (२००८) यांनी विडंबनाचाच साचा बनवला. गाजलेल्या सिनेमातलं पात्र आणायचं, त्याच्या डोक्यात काहीतरी पाडायचं, पुढचं पात्र आणायचं. मूळ सिनेमा कसा रचलेला आहे, याची उत्सुकता कुणालाच नव्हती. म्हणून तिथे हसू येत नाही.

निष्कर्ष सरळ आहे. ज्याची थट्टा करायची, ते मूळ करणाऱ्याइतकंच, किंबहुना कांकणभर अधिक यावं लागतं. गोल्डबर्गला यंत्र कळत होतं, ईबर्टने हजारो सिनेमे पाहिले होते, झुकर मंडळींनी दृश्यामागून दृश्य अभ्यासलं होतं. दुरून नुसतं नाक मुरडणाऱ्याला टिंगल जमते, विनोद जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार तास मोकळे मिळाले, तर आधी ‘झीरो अवर!’ पाहा, लगेच त्याच्या पाठोपाठ ‘एअरप्लेन!’ पाहा. आणि हा क्रम मात्र उलटा करू नका. नाहीतर ‘झीरो अवर!’ पुन्हा कधीही गंभीरपणे पाहता येणार नाही.