पहिलं सिझर, आता नॉर्मलची आशा : कळा आणायच्या का?

"एकदा सिझर म्हणजे दरवेळी सिझरच" हे गटाच्या मीटिंगला अजून ऐकू येतं. ते खरं नाही. एक सिझर झालेल्या १०० जणींनी नॉर्मलचा प्रयत्न केला, तर साधारण ७० ते ७५ जणींना जमतं. आधी एखादं बाळ नॉर्मल झालेलं असेल तर आशा आणखी जास्त. पण तारीख उलटते, कळा काही येत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात, "आता कळा आणायला लागतील." तिथे सगळं घर गोंधळतं.

भीती कशाची ते आधी बघू. सिझरमध्ये गर्भपिशवी कापून शिवलेली असते. कळांच्या जोराने ती जुनी शिवण उसवू शकते. कळा आपोआप आल्या तर असं २०० जणींत एखादीला होतं. औषधाने आणल्या तर धोका दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे तरीही बहुतेक जणी सुखरूप सुटतात. पण जिचं उसवतं तिच्या नि बाळाच्या जिवावर बेततं, आणि ताबडतोब ऑपरेशन लागतं.

म्हणून "कळा कशाने आणणार?" हे न लाजता विचारा. पिशवीच्या तोंडात रबरी नळीचा छोटा फुगा ठेवून तोंड हळूहळू उघडता येतं. यात औषध नसतं, त्यामुळे शिवणीवर ताण कमी. सलाईनमधून कळांचं औषध द्यायचं तर ते बेताने, आणि बाळाचे ठोके सतत बघत. मिझोप्रोस्टॉलची गोळी मात्र सिझर झालेल्या बाईला दिवस भरल्यावर कळा आणायला देऊ नये. आणि घरच्या घरी एरंडेल, काढे? अजिबात नको, सासूबाई कितीही म्हणोत.

आता कागदाचं. पोटावरची खूण आडवी दिसली म्हणून आत पिशवीही आडवीच कापली असेल असं नाही. आत वरपासून उभा छेद असेल तर कळांची वाटच बघायची नसते, आधीच सिझर ठरवतात. हे फक्त पहिल्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावरून कळतं. रेशनकार्ड जपतो तसं ते जपा. नसेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागा, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते तेव्हा दाखवा.

बाळंतपण कुठे, हेही आधीच ठरवा. रात्री-बेरात्री ऑपरेशन, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त मिळेल तिथेच. नागावहून अलिबाग जवळ असलं तरी शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांत रस्ता कसा तुंबतो ते आपल्याला ठाऊक आहे. कळांची वाट बघत घरी थांबू नका. १०२ ची गाडी, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि सिझर, औषधं, रक्त, सगळं मोफत आहे. आशाताईंना आधी सांगून ठेवा.

बीपी, साखर, बाळाची हालचाल, पाणी ठीक असेल तर "अजून किती दिवस थांबता येईल?" असंही विचारता येतं. उलट बीपी वाढलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर थांबण्यातच धोका. कळा आणण्यापेक्षा सरळ सिझर बरं वाटलं तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही.

दोन कळांच्या मध्येही जुन्या शिवणीजवळ दुखत राहिलं, रक्त गेलं, चक्कर आली किंवा कळा अचानक थांबल्या, तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा.